लस दिली होती, तरी कशा मेल्या?

पोत्यातून आणलेल्या मेलेल्या कोंबड्या टेबलावर ठेवता ठेवताच माणूस बोलायला लागतो. "डॉक्टर, लस दिली होती हो. तरी कशा मेल्या?" पक्ष्यांची शवविच्छेदनं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. माणसं बदलतात, वाक्य तेच राहतं. त्यामागे न बोललेला आरोपही असतो, की लस बोगस होती. कधी कधी लस खरोखरच वाया गेलेली असते. बाटली उन्हात राहिलेली असते, किंवा पिण्याच्या पाण्यातून देताना त्यातल्या क्लोरीननंच लसीतला विषाणू मारलेला असतो. पण हे सगळं नीट झालेलं असूनही मरतूक होते, तेव्हा काय सांगायचं? यावेळी सवडीनं सांगतो.

लस स्वतः लढत नाही. शत्रू कसा दिसतो ते ती दाखवून देते, लढायचं कोंबडीच्या शरीरानंच. म्हणून मला पहिल्यांदा लस बघायची नसते, कोंबडीची शाळा बघायची असते. शाळा म्हणजे बर्सा. गुदद्वाराच्या वरच्या अंगाला, शेपटीच्या मुळाशी असलेली छोटीशी पिशवी. सतराव्या शतकात इटलीतल्या फॅब्रिसियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं आणि ती कोंबड्याचं वीर्य साठवण्यासाठी असावी असा अंदाज बांधला. पुढची तीन शतकं तिचं खरं काम कुणाला कळलं नाही. अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिल्लांची ही पिशवी काढून काय होतं ते बघत होता. त्याच्या मित्राला वर्गात प्रतिपिंडं (रोगजंतूला चिकटून त्याला निकामी करणारी रक्तातली प्रथिनं) दाखवायला काही कोंबड्या हव्या होत्या, त्यानं ग्लिकच्याच नेल्या. बर्सा काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत! त्यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकानं परत पाठवला, म्हणून 1956 साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. आज माणसाच्या रक्ताच्या तपासणीतही प्रतिपिंडं करणाऱ्या पेशींना 'बी पेशी' म्हणतात, त्यातला बी हा बर्साचा. कोंबडीनं वैद्यकशास्त्राला दिलेली ही अक्षराएवढी देणगी मला फार आवडते.

आता गंबोरो या पिल्लांच्या रोगाकडे येतो. त्याचा विषाणू नेमका याच शाळेवर जातो. बर्सातल्या कोवळ्या बी पेशी हेच त्याचं खाणं. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लात बर्सा ऐन भरात असते, म्हणून रोगही त्याच वयात जोर करतो. लागण झाल्यावर चौथ्या दिवशी बर्सा सुजून जवळपास दुप्पट होते, पिवळट चिकट द्रवानं माखलेली दिसते, आणि आठव्या दिवसापर्यंत आक्रसून मूळच्या एक तृतीयांशावर येते. पिल्लं त्यात मेली तर निदान कारण समोर दिसतं. जगली, तर खरी पंचाईत पुढे होते. वरून पक्षी ठीक, दाणा खातोय, आणि आत प्रतिपिंडं करणारा कारखाना राखेत गेलेला. अशा बॅचला नंतर राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस द्या, शिकायला वर्गात कोणीच नसतं. लसीकरणाच्या वहीत तारीख बरोबर, सही बरोबर, आणि पक्षी तरीही मानमोडीनं मेलेले.

मग गंबोरोची लस आधीच का देऊ नये? इथे आई आडवी येते. अंड्यातून आलेली आईची प्रतिपिंडं पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाला सांभाळतात, पण ती लसीतल्या विषाणूलाही शत्रूच समजून गिळून टाकतात. लवकर दिली तर आई मारते, उशिरा दिली तर शेडमधला विषाणू आधी पोचतो. मधली फट थोड्या दिवसांची असते आणि प्रत्येक बॅचची वेगळी. पिल्लांचं रक्त तपासून दिवस ठरवता येतो. शेजाऱ्यानं चौदाव्या दिवशी दिली म्हणून आपणही चौदाव्याच दिवशी, हा हिशोब मला कधीच पटला नाही.

शाळेपर्यंत जाण्याआधी दारावरची घंटा असते, तीही विषाणू मोडतात. गंबोरोचं जनुकीय द्रव्य दुहेरी धाग्याचं आरएनए असतं. असा लांब दुहेरी धागा निरोगी पेशीत सापडत नाही, तेव्हा तो दिसला की धोक्याची घंटा वाजायला हवी. विषाणू त्या धाग्यावर स्वतःच्या प्रथिनाचं पांघरूण घालून ठेवतो. राणीखेतचा विषाणू उलट बाजूनं काम करतो. घंटा वाजल्यावर निरोप आत नेणारं एसटीएटी-1 नावाचं प्रथिन तो कुजवून टाकतो. त्याचं हे हत्यार कोंबडीच्या पेशीत चालतं, माणसाच्या पेशीत फारसं चालत नाही. आमच्यासारख्यांचे डोळे फार तर चार दिवस लाल होतात, त्यामागचं हे एक कारण. बर्ड फ्लूच्या बाबतीत तर कोंबडी मुळातच एक घंटा कमी घेऊन जन्मते. आरआयजी-1 नावाचं जे प्रथिन बदकाच्या पेशीत फ्लू ओळखतं, त्याचं जनुक कोंबडीत नाहीच. एकाच विषाणूनं बदक पोहत राहतं आणि कोंबडी आडवी होते, त्याचा एक धागा इथे आहे.

ब्रॉंकायटिस या कोंबड्यांच्या श्वासनलिकेच्या रोगाबद्दल थोडक्यात. त्याचा विषाणू करोना विषाणूंच्याच कुळातला, आणि त्याची युक्ती साधी आहे: चेहरा बदलणे. पृष्ठभागावरच्या काट्यातला थोडा भाग बदलला की जुन्या लसीची ओळख कमी पडते. लस खरी असते, शिकवणही खरी असते, फक्त ज्याचा फोटो दाखवला होता तो आलेला नसतो.

सगळ्यात धूर्त मला मॅरेक वाटतो. हंगेरीच्या योझेफ मॅरेक यांनी 1907 मध्ये पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन केलं, तोच रोग. एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलेली कोंबडी एकदा पाहिली की विसरत नाही. हा नागीण विषाणूंच्या घराण्यातला. संरक्षक पेशी एकमेकींना हाक मारायला जे प्रथिन सोडतात त्याचा नकली नमुना तो स्वतः सोडतो. हाक ऐकून पेशी धावत येतात आणि त्यांनाच लागण होते. पुढे तो पेशीच्या गुणसूत्रांच्या टोकांना चिकटून गप्प बसतो, एकही प्रथिन बाहेर दिसू देत नाही म्हणा ना. पहारेकऱ्याच्याच घरात बसलेल्याला पकडणार कोण?

याची लस 1970 च्या सुमारास आली आणि या रोगात होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींनी मरणाऱ्या कोंबड्यांचं प्रमाण खाली आलं. पण ही लस गाठी थांबवते, लागण थांबवत नाही. विषाणू पिसांच्या मुळांशी वाढतो आणि कोंड्यासोबत धुळीत उडत राहतो. 2015 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अतिजहाल विषाणू दिलेल्या बिनलसीच्या कोंबड्या दहा दिवसांत मेल्या, फारसा विषाणू पसरवायच्या आतच. लस घेतलेल्या जगल्या आणि आठवडेच्या आठवडे तोच विषाणू बाहेर टाकत राहिल्या.

हे मी एकाला सांगत होतो. त्याच्या शेडमधल्या लस दिलेल्या कोंबड्या ठणठणीत होत्या, आणि बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या बिनलसीच्या लंगडत मरत होत्या. त्या तो माझ्याकडे घेऊन आला होता.

"म्हणजे चांगल्या दिसणाऱ्यांकडूनच आला म्हणता?"

"तशी शक्यता आहे."

बराच वेळ तो टेबलावरच्या कोंबडीच्या मांडीतला सुजलेला मज्जातंतू बघत राहिला. मग म्हणाला, "बाहेरच्यांनाही द्यायला हवी होती तर."

"हो. अंड्यातून निघाल्या त्याच दिवशी."