मुरुडशेंग: तिसरा पावसाळा, पहिली फुलं

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात लावलेल्या मुरुडशेंगेला यंदा फुलं आली. झाडं तिसऱ्या पावसाळ्यातली. उन्हातली दोन माझ्या डोक्यावर गेली आहेत, भिंतीच्या सावलीतलं मात्र अजून बेताचंच आहे आणि त्याला कळीही नाही. या झुडपाला ऊन किती लागतं, ते यावरूनच समजावं.

आधी फुलांबद्दल, कारण दोन महिने मी दुसरं काही बघितलेलंच नाही. पानांच्या बगलेत दोन-चार कळ्यांचा घोस येतो. उमललेलं फूल विटकरी लाल असतं, पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मधून एक लांब, बाकदार दांडी बाहेर आलेली. पुंकेसर आणि बीजकोश दोन्ही त्या दांडीच्या टोकाला. मध मात्र खाली, फुलाच्या नळीच्या तळाशी. त्यामुळे शिंजीर चोच आत घालतो तेव्हा त्याच्या डोक्याला नेमके पराग लागतात. सकाळी सात ते नऊ या वेळात स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे अगदी स्पष्ट दिसतं. फूल जुनं झालं की लाल रंग उतरतो आणि ते राखी-निळसर होतं. एकाच फांदीवर लाल आणि निळसर फुलं शेजारी-शेजारी असतात. शिंजीर लाल फुलांवरच जास्त वेळ घालवताना दिसले.

आता शेंगा धरल्या आहेत. बीजकोश तांदळाच्या दाण्याएवढा असल्यापासूनच त्याला पीळ असतो, नंतर पडत नाही. भिंग घेऊन पाहिलं तर पाचही भाग एकमेकांभोवती वळलेले आणि वर बारीक पांढरी लव. फुलातली ती दांडीच पुढे शेंगेचा देठ होते, म्हणून शेंग अशी लांब देठावर पुढे आलेली दिसते. सध्या हिरव्या आहेत, काही ५ सेंटीमीटरच्या आसपास गेल्या आहेत.

परवा तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत तिथपर्यंत आल्या. हिरवी शेंग हातात धरून म्हणाल्या, “अगं, ही तर बाळगुटीतली! चार पोरांना उगाळून पाजली, पण झाड आज बघतेय.” मला या झुडपाचं वेड लागलं ते याचसाठी. वेखंड, जायफळ, बाळहिरड्याच्या जोडीने वाळकी मुरुडशेंग कितीतरी मराठी घरांतल्या डब्यात असते, सहाणेवर तिचे वळसे मोजले जातात. पण तीच शेंग बोरिवली-येऊरच्या डोंगरउतारांवर, लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर लाल फुलांनी बहरलेली असते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. कर्जतकडच्या रानात हिलाच केवण म्हणतात, हिच्या सालीच्या वाखाचे दोर वळतात. अशी इथलीच, कामाची आणि देखणी वनस्पती सोडून आपण कंपाउंडला एकसारखे क्रोटन आणि ड्युरांटा लावत सुटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बी कुठून आणलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. काष्ठौषधींच्या दुकानातून. अख्ख्या शेंगा मागून घ्यायच्या आणि कानाशी धरून हलवायच्या. खुळखुळ आवाज आला तर आत बी आहे. भोकं पडलेल्या शेंगा घेऊ नका, आतलं बी किड्यांनी खाल्लेलं असतं. राष्ट्रीय उद्यानातून मात्र बी उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिथून झाडाचा कुठलाही भाग नेता येत नाही, आणि दुकानातल्या बियांनी काम होत असताना गरजही नाही.

बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. निम्म्या बिया मी तशाच पेरल्या. उरलेल्यांवर उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरल्या, न फुगलेल्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून पुन्हा भिजवल्या. गरम पाण्यातल्या बिया भराभर उगवल्या. तशाच पेरलेल्यांपैकी मोजक्याच आल्या, आणि एक तर पुढच्या पावसाळ्यात, पिशवीत दुसरं रोप असताना उगवली.

जमीन आमची भरणीची, मुरूम आणि विटांचे तुकडे. खड्ड्यात थोडी लाल माती आणि शेणखत, बस. पाण्याचा निचरा झाला पाहिजे, बाकी हिचे लाड लागत नाहीत. मुंबईचा पाऊस भरपूर होतो, पुढचा कोरडा काळही ती निभावते. मी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी दिलं, नंतर बंद केलं.

एक गोष्ट नव्याने लावणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवा. उन्हाळ्यात ही पूर्ण निष्पर्ण होते. एप्रिलमध्ये माळीदादा म्हणाले, “ताई, हे वाळलं, उपटू का?” मी नखाने साल खरवडून दाखवली, खाली हिरवीगार. वळवाच्या सरी येताच डोळे फुटले. सोसायटीत लावणार असाल तर फेब्रुवारीतच माळी आणि सेक्रेटरी दोघांना सांगून ठेवा, नाहीतर मे महिन्यात झाड कचऱ्याच्या गाडीत जाईल.

कीड म्हणाल तर कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आला, मुंग्या त्याला सोबत होत्याच. पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पातळ पाणी, एवढ्यावर आटोक्यात आला. सप्टेंबरमध्ये काही पानांच्या कडा दुमडून रेशमी धाग्यांनी टाचलेल्या दिसल्या. ती पानं मी मुद्दाम ठेवली. गोल्डन अँगल फुलपाखराची अळी मुरुडशेंगेची पानं खाते आणि अशी पानाची घडी करून आत राहते. कीटकनाशकाचा पंप या पट्ट्यात येऊ द्यायचा नाही, हे मी माळीदादांशी बोलून ठरवलं आहे.

पुढचं काम शेंगा वाळल्यावर. त्या तपकिरी झाल्या आणि टोकाकडून उकलायला लागल्या की काढायच्या, उशीर केला तर बी खाली सांडतं. मग पानं गळल्यावर खिडकीच्या ग्रिलकडे गेलेला फाटा गुडघ्याच्या उंचीवर कापणार. तोडलेल्या खोडातून ही पुन्हा जोमाने फुटते, त्यामुळे छाटायला घाबरू नका. बी सगळ्यांना पुरेल असं दिसतंय. हवं असेल त्यांनी मार्चमध्ये सांगा, म्हणजे मेच्या शेवटी पेरून पावसाच्या तोंडावर रोपं हाताशी येतील.