बॅग तर बसली होती

फोन आला तेव्हा मी शेजारच्या दवाखान्यात सिझरची पेशंट वॉर्डात पाठवत होते. "मॅडम, जरा येता का? लहान मुलाचं अपेंडिक्स आहे. सॅच्युरेशन शंभर आहे, पण पल्स खालीच येत नाही." फोन करणारा माझ्यासारखाच भूलतज्ज्ञ, वयाने लहान, पण हाताचा पक्का. उगाच बोलावणाऱ्यातला नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, वजन २२ किलो. पल्स १५०, बीपी १५०/१००, कपाळावर घाम. जखमेतून रक्त झिरपायचं थांबत नाही म्हणून सर्जन वैतागलेले. भूल हलकी पडली असेल असं धरून याने आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू वाढवला होता, फेंटानिल हे वेदनाशामकही देऊन झालं होतं. मॅलिग्नंट हायपरथर्मियाची, म्हणजे भुलेच्या औषधाने अंग तापून स्नायू ताठरण्याची, धास्ती दोघांच्याही मनात आली, पण अंग गरम नव्हतं, जबडा सैल होता. मग या सगळ्याचं कारण म्हणून उरतो तो अंगात साठलेला कार्बन डायऑक्साइड. तो दाखवणारा कॅप्नोग्राफ दुरुस्तीला गेलेला.

सॅच्युरेशनच्या आकड्यावर लोकांची केवढी भिस्त! अगदी सर्जन मंडळींचीसुद्धा. तो आकडा फक्त ऑक्सिजनचं सांगतो. ऑक्सिजन भरपूर चालू असेल तर कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तरी पडद्यावर शंभरच दिसणार.

मी सर्किट, म्हणजे भुलेच्या यंत्रापासून पेशंटपर्यंतची श्वासाची नळी, काढून अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडली, भूल शिरेतून प्रोपोफॉलवर चालू ठेवली. काही मिनिटांत पल्स १२० च्या खाली आली आणि सर्जन स्वतःहून म्हणाले, "आता कोरडं दिसतंय." खोट मुलात नव्हती, नळीत होती.

कॅनडातल्या बेन आणि स्पोरेल यांनी १९७२ मध्ये मांडलेलं हे बेन सर्किट म्हणजे नळीच्या आत नळी, लांबी १.८ मीटर. आतल्या बारीक नळीतून ताजा वायू येतो, बाहेरच्या २२ मिलिमीटरच्या वळीदार नळीतून उच्छ्वास परत जातो. ताजा वायू थेट तोंडाशी येऊन सुटला पाहिजे, सगळी मदार त्यावर. त्यासाठी त्या टोकाला एक छोटा प्लास्टिकचा आधार आतल्या नळीला मधोमध धरून ठेवतो. इथे तोच तुटला होता. सर्किट पेशंटकडे ओढलं की बाहेरची नळी ताणून लांबायची, आतली मागेच राहायची. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या नळीचं तोंड वीतभर आत.

वीतभर म्हणजे किती, तर २२ मिलिमीटरच्या नळीत साधारण ७५ मिली. या मुलाचा एक श्वास जेमतेम १७५ मिलीचा. त्यातले ४५ एरवीही श्वासनलिकेतच अडकतात, फुप्फुसाच्या कामाचे १३० उरतात. त्यातून हे ७५ वजा करा. आपलाच उच्छ्वास तो पुन्हा पुन्हा आत घेत होता.

"तपासलं होतंस?"

"हो मॅडम, पेथिक केली. बॅग बसली." पेथिक म्हणजे आतली नळी धड आहे का ते पाहायची चाचणी; सर्किटची बॅग रिकामी होऊन बसली की पास. त्याने ती माझ्यासमोर परत करून दाखवली. टोक बंद करून बॅग फुगवली, टोक सोडून ऑक्सिजन फ्लश दाबला, आणि बॅग खरंच बसली. झोताने बाहेरच्या नळीतली हवा खेचली जाते, म्हणून ती बसते. आतली नळी यंत्राकडच्या टोकाला निसटली असती तर बॅग फुगलेलीच राहिली असती. पण पेशंटच्या टोकाशी ती आखूड पडली तर झोतही असतो आणि खेचही असते. या चाचणीला तो दोष दिसत नाही. पुस्तकात हे एका वाक्यात असतं. तोंडी परीक्षेत पेथिक सगळे घडाघडा सांगतात, ती काय पकडत नाही हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. त्या पोराला मी काय बोलणार? शिकवलेलं सगळं त्याने केलं होतं.

दुसरी चाचणी जुनी आणि साधी. ऑक्सिजन २ लिटरवर ठेवायचा आणि २ मिलीच्या सिरिंजच्या दट्ट्याने आतल्या नळीचं तोंड क्षणभर बंद करायचं. फ्लोमीटरमधला बॉबिन (वायूचा प्रवाह दाखवणारा तरंगता तुकडा) खाली आला की नळी धड. इथे दट्ट्याला बंद करायला तोंडच सापडलं नसतं. पण ही चाचणी करायला लागलं की "मॅडम, किती वेळ?" सुरू होतं.

आमच्याकडे एकदाच वापरायची सर्किटं धुऊन, सिडेक्स या जंतुनाशकात बुडवून, ठिसूळ होईपर्यंत वापरली जातात. हे सर्किट आधी मोठ्या माणसांवर चाललं होतं. ५०० मिलीच्या श्वासात ७५ मिली खपून गेले, कोणाची पल्स थोडी वाढली असेल, कोणी ती भीतीवर ढकलली असेल. आधार नक्की कधी तुटला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मला त्याचीच टोचणी लागून राहिली आहे.

मुलगा नीट जागा झाला. वडिलांना काय घडलं ते मी स्वतः सांगितलं. दवाखान्याच्या मालकांना ते आवडलं नाही. सिस्टर तोवर ते सर्किट धुवायला घेऊन चालल्या होत्या. मी ते मागून घेतलं आणि कात्रीने कापलं. "टोकाला चिकटवून चाललं नसतं का?" असं मालकांनी विचारलं.

नवीन सर्किट आलं. कॅप्नोग्राफ आलेला नाही. तो येईपर्यंत तिथे लहान मुलांना पूर्ण भूल देणार नाही, असं मी कळवलं आहे. दुसरं कोणीतरी बघतो, असा निरोप आला. आणि दुसरं कोणीतरी मिळतंही.