पावसाआधी सरपण वाळवा

मुंबईतल्या आरेच्या पाड्यांवर पावसात चूल धुमसली की बोल चुलीलाच. खोट बहुधा सरपणात असते. ताज्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं. ते उकळण्यातच आच जाते.

परसातल्या गिरिपुष्पाच्या फांद्या हिवाळ्यातच छाटा. बुंधा मीटरभर ठेवा, काप तिरका घ्या. पुन्हा फुटवे येतात, झाड मारावं लागत नाही. मनगटाहून जाड लाकूड फोडून जमिनीपासून फूटभर उंच, आडवं-उभं रचा. वर पत्रा, बाजू मोकळ्या. निळी ताडपत्री चहूबाजूंनी गुंडाळली की आत घाम धरतो, बुरशी चढते. मुंबईच्या दमट हवेत तर हमखास!

दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणटणीत वाजल्या तर चुलीत घाला, ठप्प वाजल्या तर परत रचा.