आधी कोर्ट शोधा, मग वकील

“कुणी चांगला वकील माहीत आहे का?” हा प्रश्न मुंबईत अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा हवा: “धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पागडीचे दावे चालवणारा कुणी माहीत आहे का?” पहिल्या प्रश्नाला दहा नावं मिळतात आणि त्यातली नऊ निरुपयोगी असतात. दुसऱ्याला दोनच मिळतात, पण ती कामाची असतात.

याचं कारण शहराच्या रचनेत आहे. इथे एकच कोर्ट नाही. भाडेकरूचा वाद स्मॉल कॉजेसमध्ये, म्हणजे धोबीतलावला किंवा वांद्र्याच्या शाखेत. घटस्फोट आणि पोटगी वांद्रे पूर्वच्या कुटुंब न्यायालयात. मालमत्तेचा दिवाणी दावा फोर्टच्या सिटी सिव्हिलमध्ये, आणि बराचसा उपनगरी भाग दिंडोशीला. चेक बाउन्सच्या तक्रारी मॅजिस्ट्रेट कोर्टांत. बिल्डरने ताबा दिला नाही तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण. सोसायटीच्या ठरावावरून भांडण असेल तर सहकार न्यायालय, पण सोसायटीची थकबाकी वसूल करायची असेल तर सहकार खात्याचे उपनिबंधक. या प्रत्येक ठिकाणचे न्यायाधीश, कारकून, रिवाज, बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) चालण्याचा वेग, सगळं वेगळं. हायकोर्टात रिट चालवणारा नामांकित वकील स्मॉल कॉजेसमध्ये नवशिका असू शकतो. शिवाय त्याच दिवशी त्याचं फोर्टला आणि दिंडोशीला बोर्ड असेल, तर दिंडोशीला ज्युनियर येणार आणि तारीख घेऊन जाणार.

कोर्ट चुकलं तर काय होतं, याचं नेहमी दिसणारं उदाहरण लिव्ह अँड लायसन्सचं. राहायला दिलेल्या घराची मुदत संपली, घेणारा हलत नाही. कुणीतरी सल्ला देतं, दावा लावा. खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला बचावाची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर ताब्याचा हुकूम होतो, आणि मुदत संपल्यापासून दुप्पट लायसन्स फी भरपाई म्हणून मागता येते. करारनामा लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि जागा राहण्यासाठीच दिलेली असली पाहिजे. दुकानाला ही वाट नाही. हे माहीत असलेला वकील पहिल्या भेटीतच करारनाम्यातली शेवटची तारीख आणि नोंदणी पाहतो. माहीत नसलेला वकीलपत्र पुढे करतो.

म्हणून नाव मिळवण्याआधी एवढं ठरवा: वाद कुठल्या कायद्याखाली येतो आणि कुठे चालतो. ते स्वतःला कळत नसेल तर त्यासाठीच एका वकिलाला तासभराची सल्ल्याची फी द्या, आणि तोच पुढे केस चालवेल असं गृहीत धरू नका.

मग त्या कोर्टात जाऊन बसा. कौटुंबिक प्रकरणांसारखे अपवाद सोडले तर कोर्टं सर्वांना खुली असतात. मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. दोन सकाळी, ११ ते १, पुरे. कोण फाईल वाचून आलंय, कोणाला न्यायाधीशांनी विचारल्यावर पान सापडतंय, कोण फक्त “मुदत मिळावी” म्हणतंय, हे वकिली न कळणाऱ्यालाही दिसतं. या दोन सकाळींइतकी खात्रीची शिफारस दुसरी नाही, तरी ती जवळजवळ कुणीच घेत नाही.

नाव मिळालं की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घ्या. कुठल्या कोर्टात त्याची कामं आहेत, कशा प्रकारची, किती निकाली निघाली, किती नुसती तारखांवर आहेत, हे दिसतं. इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी नोंदलेलं असतं, त्यामुळे काही सापडलं नाही म्हणजे काम नाही असं नव्हे. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा क्रमांक, विचारायला लाजू नका. तो ‘एमएएच’, मग आकडा, मग वर्ष असा असतो. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तो पडताळता येतो. कोर्टाच्या दारात पांढरा शर्ट घालून “साहेब, काय काम आहे?” विचारणारा बहुधा दलाल असतो. त्याचं कमिशन तुमच्याच फीमधून जातं.

इंटरनेटवरच्या जाहिरातींबद्दल एकच गोष्ट. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवरून कामं गोळा करण्यावर कडक ताशेरे ओढले. ‘शहरातला क्रमांक एकचा घटस्फोट वकील’ अशी पाटी झळकवणारा पहिला नियम तिथेच मोडून बसलेला असतो.

पहिल्या भेटीला जाताना गोष्ट तोंडी सांगायची तयारी करून जाऊ नका. एका कागदावर तारखांची यादी करा: कोणत्या दिवशी काय झालं, त्याचा कागद कोणता. एक-दोन पानं. त्या क्रमाने झेरॉक्सचा संच लावा. मूळ कागद दाखवायला न्या आणि परत आणा. कोर्टात दाखल करायची वेळ येईल तेव्हाच द्या, तेही यादी करून, पोच घेऊन. नोंदणीकृत करारनामा वकिलाच्या कपाटात चार वर्षं पडून मग सापडेनासा होणं हा या शहरातला नित्याचा प्रकार आहे.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. मुदत कधी संपते? समोरचा काय म्हणेल? अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, हुकूम मिळण्यासारखा आहे का? सगळं उलटं गेलं तर माझं किती नुकसान? तारखेला तुम्ही उभे राहणार की दुसरं कुणी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं असतं. समोरच्याची बाजू जो नीट मांडून दाखवतो त्याला केस कळली आहे. “शंभर टक्के जिंकू” म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

मुदतीचा प्रश्न पहिला का, तर वकील निवडण्यातच ती निघून जाते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यावर लेखी कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या उत्तराला, ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९०. व्यापारी दाव्यात १२० नंतर दार बंद. ग्राहक तक्रारीला २ वर्षं. समन्स हातात असेल तर उत्तम वकिलाच्या शोधात दोन महिने घालवण्यापेक्षा बरा वकील आज पाहा.

आता पैसा. मुंबईत वकिलाच्या फीचं कुठलंही दरपत्रक लावता येत नाही. हायकोर्टाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट दाखल होतात) तर अजून ‘जीएम’ म्हणजे सोन्याच्या मोहरांत बिलं लिहायची जुनी पद्धत ऐकू येते, एक मोहर १५ रुपयांची. पण आकड्यापेक्षा फीची रचना महत्त्वाची. तारखेप्रमाणे फी स्वस्त वाटते. समजा तारखेला ३,००० आणि वर्षात १० तारखा, तर ५ वर्षांत दीड लाख झाले, आणि त्यातल्या निम्म्या तारखांना बोर्ड तिथपर्यंत पोचलेलंच नसतं. तारीख पडणं हेच इथे वकिलाचं उत्पन्न. उलट सगळी रक्कम एकदम ठोक दिली तर दावा दाखल होईपर्यंत उत्साह आणि साक्षीपुराव्याच्या वेळी ज्युनियर, असं होतं. सर्वांत बरा मार्ग टप्प्यांचा: दावा किंवा कैफियत तयार करून दाखल करणं, अंतरिम अर्जाची सुनावणी, पुराव्याचं शपथपत्र आणि उलटतपासणी, अंतिम युक्तिवाद. प्रत्येक टप्प्याची रक्कम वेगळी आणि टप्पा सुरू होताना देय. प्रकरण पुकारलंच गेलं नाही त्या दिवशी वेगळी फी नाही, हे आधीच लिहून घ्या. साधा ईमेल चालतो. “ठरल्याप्रमाणे” या शब्दाने सुरुवात करून तुम्हीच पाठवा.

फीशिवायचा खर्च वेगळा विचारा: कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, शपथपत्र, समन्स बजावणाऱ्या बेलिफचा भत्ता, नकला, कारकुनाचे पैसे. महाराष्ट्रात दाव्याच्या किमतीप्रमाणे लागणाऱ्या कोर्ट फीची कमाल मर्यादा २०१८ पासून ३ लाखांवरून १० लाखांवर गेली आहे, तेव्हा मोठ्या मालमत्तेच्या दाव्यात हा आकडा वकिलाच्या फीपेक्षा जड होऊ शकतो. स्त्रियांना मात्र पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत १ ऑक्टोबर १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. ही माफी मागावी लागते. काही वकील सवयीने फी भरायला सांगून मोकळे होतात. जीएसटीचंही तसंच. व्यवसायासाठी नव्हे तर खासगी कामासाठी वकील लावणाऱ्या माणसाला वकिलाच्या सेवेवर जीएसटी लागत नाही. बिलात १८ टक्के दिसले तर कशाबद्दल ते विचारा.

जिंकल्यावर मिळेल त्यातला हिस्सा, असा करार कुणी सुचवला तर तो बार कौन्सिलच्या नियम २० च्या विरुद्ध आहे. आणि खर्च समोरच्याकडून वसूल होईल या आशेवर हिशेब मांडू नका. खोट्या दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. तीन हजार.

वकील न लावताही बरंच होतं. ग्राहक आयोगात दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि स्वतः उभं राहता येतं. महारेराची तक्रार ५,००० रुपये भरून ऑनलाइन करता येते. कुटुंब न्यायालयात तर कायद्यानेच वकील हा हक्क नाही, परवानगीने मिळतो. अशा ठिकाणी वकिलाकडून फक्त मसुदा करून घ्यायचा आणि तेवढीच फी द्यायची, हा मधला मार्ग परवडतो. हायकोर्टात मात्र स्वतः बाजू मांडण्याआधी रजिस्ट्रीच्या समितीसमोर जावं लागतं.

मोफत वकिलाबद्दल गैरसमज फार. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नोकरी करणारी स्त्रीही पात्र. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज, ओळखपत्र आणि प्रकरणाचे कागद द्यायचे, हेल्पलाइन १५१००. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यातून होतो. दर्जा? पॅनेलवर मेहनती तरुण आहेत तसे नुसते नावापुरतेही. मिळालेला वकील काम करत नसेल तर बदलून मागता येतो, आणि त्याने एक रुपया मागितला तरी प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी.

सही करताना एक काळजी. मुंबईच्या कोर्टांत बहुतेक मसुदे इंग्रजीत असतात. शपथपत्रावर “मजकूर मराठीत समजावून सांगितला” असं लिहिलेलं असतं. तो खरोखर समजावून घ्या, मगच सही करा. उलटतपासणीत “हे मला माहीत नव्हतं” हे उत्तर चालत नाही. कोऱ्या कागदावर सही कुणालाच नाही. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवरचा प्रकरणाचा क्रमांक) त्याच आठवड्यात मागा. तो १६ अक्षरांचा क्रमांक हाती असला की पुढची तारीख वकिलाला फोन न करता कळते. तारखा लागोपाठ का पडताहेत, तुमच्यामुळे की समोरच्यामुळे, हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या प्रत्येक तारखेच्या नोंदीत, वाचता येतं.

वकील बदलायचा तर आधीच्याची ‘ना हरकत’ घेऊन नवं वकीलपत्र दाखल होतं. त्याने अडवली तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी मिळते. फी थकली म्हणून फाईल दाबून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. थकलेल्या फीसाठी वकिलाने वेगळा दावा करावा, कागद परत करावेत. तरी भांडण टाळायचं असेल तर पूर्ण झालेल्या टप्प्याचे पैसे देऊन पावती घ्या आणि मग फाईल मागा. ग्राहक आयोगात वकिलाविरुद्ध जाण्याची वाट १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाली आहे. उरते ती बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स कायद्याच्या कलम ३५ खालची तक्रार. तिथे उपयोग होतो तो पावत्यांचा, त्या ‘ठरल्याप्रमाणे’ ईमेलचा आणि रोजनाम्यातल्या गैरहजेरीच्या नोंदींचा.