माझा अनुभव: १०५४ साल सगळ्या कॅलेंडरांत मांडताना

इ.स. १०५४ हे एकच साल कुठे काय म्हणून लिहिलं जायचं याचा तक्ता करायला घेतला, कारण त्या साली आकाशात नवा तारा दिसलेला (आज तिथे क्रॅब नेब्युला, म्हणजे त्या ताऱ्याच्या स्फोटातून उरलेला वायूचा ढग आहे) आणि त्याच्या नोंदी ज्याने त्याने आपापल्या सनात केल्यात. वाटलं वजाबाक्याच तर आहेत, तासाभराचं काम. चार दिवस गेले.

शक सोपा, ७८ वजा केले की ९७६. विक्रम संवताला ५७ मिळवून ११११ आलं, पण ते चैत्रापासून मोजणाऱ्यांचं, कार्तिकात वर्ष बदलणाऱ्यांकडे उन्हाळ्यात अजून १११० च चालू. हिजरीला मी सरळ ६२२ वजा करून ४३२ लिहून टाकलं, आणि मग इब्न बुतलान या वैद्याच्या नोंदीत त्याच ताऱ्याचं साल ४४६ दिसलं. डोकंच चालेना. नंतर लक्षात आलं की चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे ३२ सौर वर्षांत साधारण ३३ हिजरी वर्षं बसतात, म्हणून ४३२ ला ३३ ने गुणून ३२ ने भागलं तर ४४५.५! ४४५ संपून ४४६ लागलं ते १२ एप्रिल १०५४ ला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) सनातलं ६५६२ हे १ सप्टेंबरला ६५६३ होतं, ज्यूंचं ४८१४ पण शरदात बदलतं. एका सालासमोर एकच आकडा ही माझी मांडणीच चुकीची होती. सगळं पुसलं आणि साल सोडून दिवस धरला, ४ जुलै १०५४, चिनी दरबारी नोंदीतला तारा दिसल्याचा दिवस. ही तारीख ज्युलियन, म्हणजे तेव्हाच्या युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची बरं का, आजच्या कॅलेंडरने मागे मोजलं तर १० जुलै येते.

जपानात तेव्हा तेंगी २ चालू, म्हणजे तेंगी नावाच्या कालखंडाचं दुसरं वर्ष. चिनी साठ वर्षांच्या चक्रात हे ३१ वं वर्ष, आणि आपल्या साठ संवत्सरांत दक्षिणेकडच्या गणनेने २८ वं, जय. दोन्ही चक्रं साठचीच, त्यामुळे हा तीनचा फरक आजही तसाच आहे, हे बघून मला फार भारी वाटलं.

शेवटी पडताळा घेतला तो चंद्राचा. हिजरी हिशोबाने २५ रबी-उल-अव्वल, चिनी पाचव्या महिन्याचे शेवटचे दिवस, आपल्याकडे वद्य पक्ष, म्हणजे तिन्हीकडे पहाटेची बारीक कोर. मग तक्ता पक्का केला.