उपग्रह आहेत, मग टेप कशाला?

मी डोंगरावरच्या जंगलातली झाडं मोजते, असं शेजारच्या प्रवाशाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अहो, पण आता उपग्रह आहेत ना? मग त्याच त्याच झाडांना टेप गुंडाळायला डोंगर कशाला चढता?" प्रश्नात खवचटपणा नसतो. उतरताना गुडघे बोलायला लागले की मीही स्वतःला हेच विचारते. एरवी दोन वाक्यांत उरकते. आज जरा बैजवार सांगते.

काम तसं साधं आहे. डोंगरउतारावर जंगलाचे ठरावीक तुकडे, म्हणजे प्लॉट, आखलेले असतात आणि त्यातल्या प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकलेला असतो. दर पाच वर्षांनी जायचं, प्रत्येक खोडाचा घेर मोजायचा, मेली कोण ते लिहायचं, नवी कोण आली त्यांना नंबर द्यायचे, आणि परत यायचं.

आता आधी उपग्रहाचं देणं देऊन टाकते. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1972 मध्ये गेला. 2008 मध्ये त्या मालिकेचा जुना संग्रह सगळ्यांना फुकट मिळायला लागला आणि आमच्या क्षेत्राचं नशीबच पालटलं. 2013 मध्ये त्याच चित्रांवरून 2000 ते 2012 या काळात पृथ्वीवर कुठलं झाडांचं आच्छादन गेलं आणि कुठलं आलं याचा नकाशा निघाला, 30 मीटरचा एकेक ठिपका धरून. कुठे वणवा लागला, कुठे तोड झाली, कुठे दरड कोसळून उतार उघडा पडला, हे पायी फिरून मला सात जन्मांत कळलं नसतं.

डोंगर मात्र उपग्रहालाही सरळ वागू देत नाही. सूर्य तिरपा असला की एक उतार उजळतो आणि त्याच्या पाठीमागचा काळोखात जातो. सावलीचा काळा आणि जळालेल्याचा काळा वेगळे काढायला बरंच डोकं लागतं. पानगळ होणारं जंगल पानांनी भरलेलं असताना एक दिसतं आणि पानं झडल्यावर दुसरंच. वेगवेगळ्या महिन्यांतली दोन चित्रं शेजारी ठेवली की धडधाकट जंगल कागदावर मरतं. एकाच महिन्यातली चित्रं हवीत म्हणावं, तर नेमका त्याच महिन्यात शिखरावर ढग बसलेला.

2018 च्या डिसेंबरात अवकाशस्थानकाकडे 'जेडाय' नावाचं यंत्र पाठवलं. ते लेझर किरण सोडून झाडांची उंची मोजतं. सपाटीवर झकास. त्याच्या किरणाचा ठिपका जमिनीवर साधारण 25 मीटर रुंद पडतो, आणि 35 अंशांच्या उतारावर त्या एका ठिपक्यातच जमीन साडेसतरा मीटर वरखाली होते. झाड कुठे संपलं आणि डोंगर कुठे सुरू झाला, हे किरणाला कसं कळावं?

पण समजा यंत्रं सुधारली, ढग हटले. तरी मी चढेनच, आणि त्याचं कारण वेगळं आहे. वरून जंगल दिसतं, त्यात कोण मेलं ते दिसत नाही.

फिलिप व्हॅन मँटगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये पश्चिम अमेरिकेतल्या जुन्या, न तोडलेल्या जंगलांतल्या 76 प्लॉटचे हिशेब एकत्र मांडले. काही नोंदी पन्नासहून अधिक वर्षांच्या होत्या. 87 टक्के प्लॉटमध्ये झाडं मरण्याचा वेग वाढलेला निघाला. काही भागांत तो दुप्पट व्हायला जेमतेम 17 वर्षं पुरली, काहींत 29. आग नाही, कुऱ्हाड नाही. फोटो काढला असता तर तेच उभं जंगल दिसलं असतं. आता शंभरातलं वर्षाला एक झाड मरण्याऐवजी दोन मरायला लागली, तर कुणाच्या डोळ्यांवर येणार? पण हिशेब करून पाहा. वर्षाला एक टक्का म्हणजे झाड सरासरी शंभर वर्षं जागा धरून ठेवतं, आणि दोन टक्के म्हणजे पन्नास. जंगल तेच, हिरवं तेच, आणि आतलं आयुष्य निम्मं.

पाईन पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचंही असंच आहे. ज्या उन्हाळ्यात तो झाडात शिरतो, त्या उन्हाळ्यात झाड हिरवंच असतं. सुया लाल होतात पुढच्या वर्षी. आकाशातून ती लाली दिसेपर्यंत पुढची पिढी दुसऱ्या खोडांत घुसलेली असते. खालून चालणाऱ्याला मात्र सालीवरचे डिंकाचे गोळे आणि बुंध्याशी सांडलेला भुसा पहिल्याच वर्षी दिसतो.

आता टेपबद्दल. टेपची फुशारकी मारू नये हे मी ठेच खाऊन शिकले. घेर जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर मोजायचा, असा बऱ्याच देशांतला रिवाज आहे. उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरायची. मी हाताखाली माणसं घेऊन केलेली पहिली मोजणी अशी: दिवसभर उतारावर पाय टेकायला जागा शोधत होतो, आणि एका तुकडीने जिथे उभं राहणं सोपं तिथून, म्हणजे खालच्या बाजूने, उंची धरली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाच वर्षांनी परत मोजलं तर त्या पट्ट्यातली झाडं बारीक झालेली! खोड किंचित आक्रसतं हे खरं आहे. कोरड्या दिवसांत साल सुकते, दुपारी पाणी ओढलं गेलं की मिलिमीटरच्या अंशाने घेर उतरतो. पण ही झाडं चक्क रोडावली होती. दुष्काळ, मुळांचा रोग, काय काय तर्क लढवले. शेवटी एका झाडापाशी टेप घेऊन बसले तेव्हा उजेड पडला. 60 सेंटीमीटर जाडीचं झाड 35 अंशांच्या उतारावर असेल, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या जमिनीत 40 सेंटीमीटरहून जास्त फरक पडतो. आधीच्या खेपेला टेप तेवढी खाली, जिथे बुंधा पसरायला लागतो तिथे, गुंडाळली गेली होती. झाडं वाढली होती, आमची रेघच वर गेली होती. थंड उतारावरचं झाड वर्षाला एक-दोन मिलिमीटर जाड होतं. त्याची पाच वर्षांची वाढ असल्या चुकीत कुठल्या कुठे वाहून जाते. तेव्हापासून आम्ही मोजायच्या जागी रंगाची रेघ ओढतो आणि खिळा तिच्यापासून लांब ठोकतो, कारण खिळ्याभोवती खोड फुगतं.

प्लॉट आखण्यातही हीच गंमत. 30 अंशांच्या उतारावर जमिनीलगत 20 मीटर टेप टाकली, तर नकाशावर ते अंतर सतरा मीटर आणि थोडं होतं. दुरुस्ती केली नाही तर चारशे चौरस मीटर समजून साडेतीनशेपेक्षा कमी मोजलेलं असतं. आणि एकाने दुरुस्ती केली, दुसऱ्याने नाही केली, की दोघांचे आकडे एकमेकांशी बोलतच नाहीत.

जागा चुकली की मोठमोठ्यांचीही तारांबळ उडते. हंबोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ 1802 मध्ये इक्वाडोरच्या चिंबोराझो डोंगरावर चढला आणि कुठल्या उंचीला कुठली वनस्पती, याचं त्याने काढलेलं चित्र पुढे जगप्रसिद्ध झालं. 2012 मध्ये शास्त्रज्ञ त्याच डोंगरावर गेले आणि हवा तापत गेल्याने वनस्पती पाचशेहून अधिक मीटर वर सरकल्याचं त्यांनी मांडलं. पुढे 2019 मध्ये दुसऱ्या गटाने हंबोल्टच्या नोंदी खोदून काढल्या. उंचावरच्या त्याच्या बऱ्याचशा वनस्पती चिंबोराझोवरच्या नव्हत्याच, अँटिसाना नावाच्या दुसऱ्याच डोंगरावरच्या होत्या. तिथे जाऊन पाहिलं तर सरकणं 215 ते 266 मीटर भरलं. वनस्पती वर चालल्या आहेत हे दोघांनाही मान्य, पण किती, ते बदललं आणि निम्म्यावर आलं. मला हे वाचून, खरं सांगते, जरा बरं वाटलं. माझी तुकडी तर फक्त 40 सेंटीमीटर चुकली होती.

काही जण म्हणतात, खोडातली वर्षावर्षाची कडी, म्हणजे वाढवलयं, आहेत की! खोडात बारीक नळी फिरवून काडी काढा, सगळा इतिहास हातात. काढतोच आम्ही. शेकडो वर्षांचे पाऊस-दुष्काळ त्यात सापडतात. पण तो जगलेल्यांनी लिहिलेला इतिहास असतो. जे झाड साठ वर्षांपूर्वी रोप असतानाच मेलं आणि कुजून माती झालं, त्याची काडी कुठून आणणार?

आणि आमचं अर्धं उत्तर तर त्या मेलेल्यांपाशीच असतं. जंगल वर सरकतं असं आपण म्हणतो, पण झाड काही चालत नाही. खालच्या कडेची मरतात, वरच्या कडेला नवी रुजतात, आणि मधली सरासरी हलते. पेरू देशातल्या अँडीज पर्वतात एकेक हेक्टरच्या 14 प्लॉटमध्ये चार वर्षांच्या अंतराने मोजलं, तेव्हा झाडांच्या प्रजातींचे गट सरासरी वर्षाला अडीच ते साडेतीन मीटर उंची चढताना दिसले. पुढे 2018 मध्ये अँडीजमधले बरेच जास्त प्लॉट एकत्र तपासले गेले. उष्णता मानवणाऱ्या झाडांचा वाटा वाढत होता, पण तो मुख्यतः थंडीतली झाडं मरत होती म्हणून. याला स्थलांतर म्हणायचं की माघार, हे कोण मेलं याची यादी असल्याशिवाय ठरत नाही. आणि ती यादी नंबर वाचत खोडाखोडाशी गेल्याशिवाय होत नाही.

पुढची मोजणी माझ्याशिवाय होणार आहे. गुडघ्यांनी निकाल दिलाय. परवा नव्या मंडळींसाठी फील्डबुकात वाटा लिहून काढत होते: कातळापासून किती पावलं, कुठल्या ओहळाने वर जायचं, गेल्या दरडीत कुठला कोपऱ्याचा खुंट वाहून गेला. नंबर 417 पुढे लिहिलं, "दोन मोजण्यांपूर्वी मेल्याची नोंद, पण बुंध्याला फुटवे आहेत, नीट बघा." आणि पहिल्याच पानावर, सगळ्यांच्या वर, "टेप उताराच्या वरच्या बाजूने." खाली दोन रेघा मारल्या.