आमची वाटचाल : पांढऱ्या पडलेल्या काळ्या प्लॅस्टिकची

गाड्यांचे उन्हाने विटलेले काळे प्लॅस्टिक पुन्हा काळे करून देणे हे आमचे काम. गाडी दुकानात आली की आम्ही तिच्या रंगाकडे नंतर पाहतो. आधी वायपरखालची काळी जाळी पाहतो. हा भाग आभाळाकडे तोंड करून पडलेला असतो, वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग सोसतो, आणि मालकाचे वर्षानुवर्षे त्याच्याकडे लक्ष जात नाही. ती जाळी राखाडी झाली असेल तर गाडी उघड्यावर उभी असते, आणि उजव्या चाकावरची पट्टी डावीपेक्षा जास्त विटली असेल तर दुपारभर तिची उजवी बाजू पश्चिमेकडे असते, एवढे मालकाला न विचारता सांगता येते. ग्राहक चकित होतात. आमचे हे ज्योतिष सगळे नागपूरच्या उन्हावर चालते. मेच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य आपल्या शहराच्या नेमका डोक्यावर येतो, त्याच सुमारास नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, लागतो, आणि 2013 च्या मे महिन्यात तर पारा 47 अंशांच्याही पुढे गेला होता. त्या दिवसांत काळ्या बंपरवर तापमापक धरला तर 65 ते 70 अंश सहज दिसतात.

हे दुकान काढण्याआधी मी कामठी रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये आठ वर्षे काम केले. 2012 साली मानेवाड्याकडे रिंग रोडलगत पत्र्याची शेड भाड्याने घेतली, पतसंस्थेकडून दीड लाखाचे कर्ज काढले, एक प्रेशर पंप आणि एक व्हॅक्यूम घेतला आणि गाड्या धुण्याचे काम सुरू केले. धुण्याचे दीडशे रुपये मिळत आणि बंपर काळा करून हवा असेल तर वर पन्नास. त्या काळी रस्त्यावर मारुती 800, ओम्नी आणि जुन्या सुमो भरपूर होत्या. त्यांचे बंपर रंगवलेले नसत, काळ्या प्लॅस्टिकचेच असत. त्यामुळे वरचे पन्नास रुपये बहुतेक गाड्यांमागे मिळत. आम्ही करत होतो ते एवढेच, की स्पंजावर टायर पॉलिश घेऊन बंपरवर फिरवत होतो. बंपर चकचकीत काळा होई, मालक खुश होई, आणि आम्हीही या कामाला कसब समजत होतो.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, मृगाचा पहिला दमदार पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, एक निवृत्त मास्तर गाडी घेऊन आले. गाडी पांढरी होती आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्यापासून चाकापर्यंत काळपट तेलकट ओघळ उतरले होते. ते रागावले नाहीत. रुमालाने बंपर पुसून त्यांनी मला तो काळा डाग दाखवला, मग हातातल्या बाटलीतले पाणी बंपरवर ओतले. ओला झालेला भाग क्षणात पूर्वीसारखा काळाभोर दिसू लागला. "बाबू, पाण्यानंही काळंच होते ना! मंग तुले पन्नास रुपये कायचे देऊन राहिलो मी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पन्नास रुपये परत केले, त्यांनी ते घेतले नाहीत, आणि पुढचे दोन-तीन दिवस मी दुकानातल्या प्रत्येक विटलेल्या बंपरवर पाणी ओतून पाहत राहिलो.

त्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू, थोडे वाचून आणि बरेच हात काळे करून सापडले. बंपर आणि चाकांवरच्या पट्ट्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या असतात. त्यात लवचिकपणासाठी रबर आणि ताठपणासाठी शंखजिऱ्याची (टाल्कची) पूड मिसळलेली असते. पट्टी काढून आतली बाजू पाहिली तर साच्यात उठवलेली खूण दिसते, आणि तिच्यात पीपी (पॉलिप्रोपिलीन), ईपीडीएम (रबर) आणि टी 20 अशी अक्षरे असली तर त्या मालात 20 टक्के शंखजिरे आहे असे समजावे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या पृष्ठभागावर तोडतात. काळ्या रंगासाठी घातलेली काजळी आणि इतर संरक्षक द्रव्ये काही वर्षे हा मारा अडवतात. ती संपली की वरच्या अगदी पातळ थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतली पांढरी पूड उघडी होते. प्रकाश त्या भेगांत विखुरतो, म्हणून प्लॅस्टिक पांढुरके दिसते. पाणी त्या भेगा भरून काढते तेवढा वेळ ते काळे दिसते, आणि तेल, मेण, पॉलिश हेही तेच करतात. याचा धंद्याच्या दृष्टीने अर्थ फार अडचणीचा होता: पहिल्या दिवशी सगळे उपाय सारखेच दिसतात, फरक तिसऱ्या महिन्यात कळतो आणि ग्राहक पैसे मात्र पहिल्या दिवशी देऊन जातो.

म्हणून 2014 च्या मार्चमध्ये मी एका कबाड्याकडून एक विटलेला बंपर आणला, तो धुऊन मास्किंग टेपने त्याचे सात भाग पाडले आणि शेडच्या पत्र्यावर तारेने बांधून ठेवला. एका भागावर खोबरेल तेल, दुसऱ्यावर बुटाचे पॉलिश, तिसऱ्यावर टायर पॉलिश, चौथ्यावर डॅशबोर्डचे पॉलिश, पाचव्यावर हीट गनची गरम हवा, सहाव्यावर उकळलेले जवसाचे तेल, आणि सातवा भाग तसाच कोरा. दर रविवारी शिडी लावून मी वर चढत असे आणि वहीत नोंद करत असे. खोबरेलावर चार दिवसांत धुळीचा थर बसला. बुटाचे पॉलिश हाताला लागत राहिले आणि पहिल्या पावसात गेले. टायरचे आणि डॅशबोर्डचे पॉलिश महिनाभरही टिकले नाही. हीट गनचा भाग सर्वांत देखणा निघाला, अगदी कारखान्यातून आल्यासारखा, पण पोळ्यापर्यंत तो शेजारच्या कोऱ्या भागापेक्षाही अधिक पांढरा पडला. जवसाचे तेल दसऱ्यापर्यंत टिकले.

हीट गनबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण आजही लोक मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहून आमच्याकडे तीच मागणी करतात. गरम हवेने वरचा थर वितळतो, भेगा मिटतात आणि काळेपणा परत येतो, हे खरे आहे. परंतु संपलेले संरक्षक द्रव्य काही परत येत नाही, त्यामुळे प्लॅस्टिक दुसऱ्यांदा विटते ते अधिक वेगाने. शिवाय पॉलिप्रोपिलीन 160 अंशांच्या थोडे पुढे वितळते आणि हीट गनच्या तोंडाशी त्याच्या दुप्पट-तिप्पट तापमान असते. एका डॉक्टरांच्या गाडीच्या चाकावरच्या पट्टीवर माझा हात तीन सेकंद थांबला आणि दाणेदार पृष्ठभागावर रुपयाएवढा गुळगुळीत डाग पडला. ती पट्टी मी स्वखर्चाने नवी बसवून दिली. त्या कामाचे मला सहाशे रुपये मिळणार होते आणि नव्या पट्टीला बावीसशे लागले.

जवसाच्या तेलावर मात्र माझा जीव बसला होता. विदर्भात जवस घरोघरी चटणीत असतो, तेल इतवारीच्या बाजारात डब्याने मिळते, आणि पेंटरकाम केलेल्या माणसाला ते परके नाही. हे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि भेगांतच धरून बसते. पातळ लावले, वीस मिनिटांनी उरलेले कोरड्या फडक्याने पुसून घेतले आणि दोन दिवस पाण्यापासून दूर ठेवले तर काम चांगले होई; जाड लागले तर चिकट, पिवळसर साय धरे आणि तिच्यावर धूळ बसे. दीड वर्ष आम्ही हेच काम केले आणि त्यावर आमचे थोडे नावही झाले. मग एप्रिलमधल्या एका रात्री शेजारच्या टायरवाल्याच्या चौकीदाराचा फोन आला की तुमच्या शेडमधून धूर निघून राहिला आहे. त्या दिवशी तेलाची फडकी नेहमीप्रमाणे गोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत दाबून ठेवली होती. प्राणवायू घेताना हे तेल उष्णता सोडते. फडके पसरलेले असेल तर ती उडून जाते, पण गोळ्यात ती कोंडते आणि ठिणगीशिवाय आग लागते, हे मला गॅरेजमधल्या आठ वर्षांत कुणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मी ऐकले नव्हते. बादली, पंपाचा पाइप, पॉलिशिंग मशीनची वायर आणि ग्राहकांच्या नोंदींची एक वही जळाली. थिनरचे डबे दुसऱ्या कोपऱ्यात होते म्हणून शेड वाचली. आजही दुकानात फडक्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा पाण्याने भरून ठेवलेला असतो आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी तो डबा दाखवला जातो, काम नंतर.

आगीनंतर आम्ही सिरॅमिक प्रकारच्या कोटिंगकडे वळलो. हे द्रव्य भेगांत शिरून हवेतल्या ओलाव्याने काचेसारखे घट्ट होते. लहान बाटली महाग पडते, पण एका लहान गाडीच्या सगळ्या काळ्या भागांना अर्धी बाटली पुरते. पत्र्यावरच्या दुसऱ्या बंपरवर ते दोन उन्हाळे टिकले आणि आमचा निर्णय झाला. पण खरे काम बाटलीत नाही, ते तिच्या आधीच्या तीन तासांत आहे. आधी डिग्रीजर दहापट पाण्यात मिसळून मऊ ब्रशने दाण्यांच्या खाचांतून मळ काढायचा. जुन्या पॉलिशचे पांढरे डाग टूथब्रशने काढायचे, कारण पुष्कळदा मालक ज्याला विटणे समजतो ते बॉडीला लावलेल्या वॅक्सचे वाळलेले अवशेष असतात आणि तेवढ्याने निम्मे काम होते. मग पांढरे फडके घासून पाहायचे. ते राखाडी निघाले तर पुन्हा धुवायचे. आमच्याकडे चौथ्यांदा धुतलेल्या गाड्याही आहेत. त्यानंतर हवेच्या पाइपने सांधे आणि क्लिपांच्या मागचे पाणी उडवायचे, कारण तिथे दडलेला एक थेंब तासाभराने सावकाश खाली येतो आणि नुकत्याच लावलेल्या कोटिंगवर कायमचा ओघळ सोडून जातो. शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी सारखे घेऊन पुसायचे, आणि मगच स्पंजाच्या तुकड्यावर थेंब घेऊन दोन-दोन वीत जागेवर काम करायचे, जास्तीचे लगेच टिपायचे. मे महिन्यात हे काम आम्ही सकाळी नऊच्या आत उरकतो, कारण तापलेल्या प्लॅस्टिकवर द्रव्य पसरण्याआधीच आटते आणि पट्टे उमटतात. भर पावसाळ्यात दमटपणामुळे धुरकट छटा येते, म्हणून जुलैत आम्ही तारीख देताना हात आखडता घेतो.

सगळेच प्लॅस्टिक परत काळे होत नाही. नखाने खरवडल्यावर भुकटी निघत असेल, किंवा ओले केल्यावरही राखाडी दिसत असेल, तर वरचा थर मेलेला आहे असे आम्ही सांगतो आणि पट्टी बदलण्याचा किंवा रंगवण्याचा सल्ला देतो. रंगवायचे असेल तर पॉलिप्रोपिलीनसाठीचा वेगळा प्रायमर लागतो. त्याशिवाय साधा रंग धरत नाही आणि वर्षाच्या आत पापुद्रे निघतात. आरशांची आवरणे आणि जाळ्या अनेकदा एबीएस नावाच्या वेगळ्या प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांच्यावर थिनर लागला तर पृष्ठभाग कायमचा खराब होतो. मास्तरांची ती पाण्याची बाटली आता आमची तपासणी झाली आहे, एवढाच फरक की आम्ही ती गाडी हातात घेण्याआधी ओततो.

पैशांच्या बाबतीत मी एक प्रयोग केला आणि तो साफ फसला. तिसऱ्या महिन्याचा प्रश्न सोडवायचा म्हणून अर्धे पैसे कामाच्या दिवशी आणि अर्धे पावसाळ्यानंतर, अशी पद्धत ठेवली. पहिल्या वर्षी चाळीसएक गाड्यांपैकी अकरा मालक परत आले. बाकीच्यांचे प्लॅस्टिक काळेच होते, हे मला चौकांत सिग्नलवर दिसत असे. हिशेब पाहणाऱ्या सौभाग्यवतींनी दिवाळीच्या आधी ती पद्धत बंद करवली. आता पूर्ण पैसे त्याच दिवशी घेतो, लहान गाडीचे अठराशे आणि क्लॅडिंग (दारांखालच्या आणि चाकांवरच्या रुंद काळ्या पट्ट्या) असलेल्या मोठ्या गाडीचे साडेतीन हजारांपासून पुढे, आणि पावतीवर दसऱ्याच्या आठवड्यातली तपासणीची तारीख लिहून देतो. उघड्यावर राहणाऱ्या गाडीला दीड ते दोन वर्षे, शेडमधल्या गाडीला त्याहून जास्त, असेही त्याच पावतीवर लिहिलेले असते. दसऱ्याला लोक गाडीची पूजा करण्याआधी येतातच, त्यामुळे ही तारीख पाळली जाते.

2020 च्या टाळेबंदीत दोन महिने शेड बंद होती आणि एक मुलगा कायमचा गावी गेला. परंतु 2021 पासून चिपांच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागू लागले आणि लोकांनी जुन्या गाड्या ठेवून घेतल्या. पंधरा वर्षे पूर्ण झालेली एमएच 31 ची गाडी फेरनोंदणीला न्यायच्या आधी नीटनेटकी करून घेणारेही वाढले. डस्टर आणि इकोस्पोर्टच्या पिढीतल्या गाड्यांना दारांखाली आणि चाकांवर रुंद काळ्या पट्ट्या आहेत, आणि त्या गाड्या आता नेमक्या विटण्याच्या, म्हणजे आमच्या कामाच्या, वयात आल्या आहेत. आम्ही धुण्याचे काम गेल्या वर्षी बंद केले. आज मी, दोन कारागीर आणि शनिवारी येणारा माझा पुतण्या, एवढेच आहोत.

पत्र्यावर सध्या चौथा बंपर आहे. त्याच्या तिसऱ्या भागावर कोटिंगचा एकच हात आहे आणि पाचव्यावर दोन. एका हाताचे काम दोन हातांइतकेच टिकते असे माझे मत आहे, आणि ते खोटे ठरले तर दर वाढवावे लागतील, म्हणून पुतण्याने गेल्या रविवारी शिडी लावून दोन्हींवर पाणी ओतून पाहिले. तिसरा भाग ओला झाल्यावर थोडा काळा झाला. पाचवा कोरडा असतानाच तसा होता. दसऱ्यापर्यंत तो बंपर वरच राहील.